परमुलखात पत मिळवताना

चिकोडी-निपाणी भागातली मुलं अलीकडे मला विचारतात, "काका, दुबईत धंदा टाकायला भांडवल किती लागतंय?" मी उलट विचारतो, धंदा कुणाच्या नावावर टाकणार? आणि पहिले सहा महिने वसुली झाली नाही तर खाणार काय?

मी सदलग्याकडचा, ऊसकरी घरातला. दुबईत किराणा माल आयात करणाऱ्या एका कंपनीत हिशेब लिहायला गेलो आणि काही वर्षांनी स्वतःचा व्यापार सुरू केला. गूळ, काकवी, शेंगदाणे, चटण्या. तेव्हा फ्री झोनबाहेर कंपनी काढायची तर 51 टक्के हिस्सा अमिरातीच्या नागरिकाचा असावा लागे. 1984 च्या कंपनी कायद्यापासूनची ती अट. पैसा आपला, राबणारे आपण आणि कागदोपत्री मोठा भागीदार तो. त्याला सगळे 'स्पॉन्सर' म्हणत, वर्षाला ठरलेली रक्कम त्याला पोचती करत. पुष्कळ स्पॉन्सर सरळ माणसं होती. माझ्या ओळखीतल्या एका दुकानदाराच्या वाट्याला मात्र तसा आला नाही. परवाना नव्याने करायच्या वेळी स्पॉन्सरने दुप्पट रक्कम मागितली आणि सही अडवून धरली. सही नाही म्हणून परवाना नाही आणि परवाना नाही म्हणून मालकासकट कामगारांचेही व्हिसा अडकले. शेवटी दुकानदाराने चालतं दुकान पडेल भावाने विकलं.

2021 पासून बहुतेक व्यवसायांत परक्या माणसाला शंभर टक्के मालकी ठेवता येते. हा बदल फार मोलाचा आहे. पण पत कुठल्याच कायद्याने मिळत नाही, आणि परदेशात माणूस खरा तिथेच अडतो.

चिकोडीच्या बाजारात माझे वडील नुसत्या शब्दावर उचल घेत. अडत्याला आमचं शेत माहीत, विहीर माहीत, आजोबाही माहीत. दुबईत घाऊक व्यापारी नव्या माणसाकडे रोख मागायचा. मी ज्या सुपरमार्केटला माल घालत होतो ते पैसे द्यायचं तीन-तीन महिन्यांनी. गाळ्याच्या मालकाने वर्षभराच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच घेऊन ठेवलेले असत. खात्यात पैसे नसताना चेक परत गेला तर तो फौजदारी गुन्हा ठरे आणि लोक तुरुंगात जात. जानेवारी 2022 पासून अशा बहुतेक प्रकरणांत थेट वसुलीची कारवाई होते. फसवणुकीसाठी दिलेला चेक मात्र आजही गुन्हाच आहे. विक्री उत्तम चाललेली असताना, येणं आणि देणं यांच्या तारखा जुळल्या नाहीत म्हणून बुडालेले व्यापारी मी पाहिले आहेत.

मालालाही तिथे पत नव्यानेच मिळवावी लागते. आपल्याकडे पिवळाधमक गूळ भाव खातो, म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रॉस हे रंग उजळवणारं गंधकयुक्त रसायन टाकतात. परदेशात प्रयोगशाळा गंधकाचं प्रमाण तपासते, तिथे तो रंगच घात करतो. मी गुऱ्हाळवाल्यांना विनवून भेंडीच्या पाण्याने मळी काढलेला तांबूस गूळ करून घेतला. गुळाच्या रव्यावर तयार केल्याची आणि संपण्याची तारीख लागते, लेबल अरबीत लागतं, हे त्यांना पटवायलाच पहिला हंगाम गेला. शिवाय उन्हाळ्यातल्या दमट हवेत गूळ पाघळतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तपासणीच्या टेबलावर त्या लौकिकाची भीडभाड कुणी ठेवत नाही.

परमुलखात जाऊन पत कमावण्याचं आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं उदाहरण उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. गुर्लहोसूरचा हा माणूस. बेळगावातला कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा इंग्रजी मुलूख सोडून ते औंध संस्थानात गेले आणि 1910 मध्ये कुंडलच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली. औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली, कर्जाऊ पैसे दिले, कारण ते लक्ष्मणरावांना आधीपासून ओळखत होते. दुबईला निघालेल्या आपल्या मुलाला असा राजा भेटणार नसतो. त्याने ओळख स्वतःच तयार करायची असते, आणि त्याला वर्षं लागतात.

म्हणून माझं सांगणं असतं, आधी तिथल्या एखाद्या व्यापाऱ्याकडे दोन वर्षं नोकरी करा. कोण वेळेवर पैसे देतो, कोण झुलवतो, ते पगार घेऊन शिकता येतं. दुबईत कर नाही, या जुन्या गप्पांवर हिशेब मांडू नका. 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे आणि जून 2023 पासून पावणेचार लाख दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के कंपनी कर. मे 2022 पासून भारताशी झालेल्या करारामुळे बऱ्याच मालावर जकातीची सवलत मिळते. ती हवी तर माल भारतातलाच असल्याचा दाखला आधी काढून ठेवा.

आणि भांडवल हवाल्याने नेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेतून रीतसर नेता येते. उद्या तिथल्या बँकेने पैसा कुठून आला असं विचारलं, तर दाखवायला कागद तुमच्या हातात असला पाहिजे.