काँक्रीट अँकर

काँक्रीट अँकर म्हणजे काँक्रीटच्या भिंतीला, खांबाला, तुळईला किंवा छताला लाकूड, पोलाद, दगडी फरशा, नळ, पाट्या इत्यादी वस्तू जोडण्याचे साधन होय. बांधकामाच्या व्यवहारात त्यास अँकर फास्टनर, रॉल बोल्ट किंवा नुसते फास्टनर म्हणतात. हलक्या कामाच्या प्लास्टिकच्या पोकळ खुंटीला गिट्टी म्हणतात. काँक्रीट दाब उत्तम सोसते. परंतु त्याची ताण सोसण्याची शक्ती दाबशक्तीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच असते. त्यामुळे बोल्ट किती मजबूत आहे, यापेक्षा भोवतालचे काँक्रीट किती ओढ सोसेल, हा प्रश्न निवडीत बहुधा अधिक महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

पूर्वी भिंतीत छिद्र पाडून त्यात लाकडी खुंटी ठोकत व तिच्यात स्क्रू पिळत. लाकूड सुकले की खुंटी सैल होई. १९११ साली जॉन जोसेफ रॉलिंग्ज या ब्रिटिश अभियंत्याने तागाच्या तंतूंची खुंटी तयार केली. तिच्या ‘रॉलप्लग’ या नावावरूनच रॉल प्लग, रॉल बोल्ट हे शब्द भारतात रूढ झाले. १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची प्रसरणशील खुंटी बनवली. भारतात भिंती, छत व जमिनीत बसवायच्या अशा साधनांसाठी आय.एस. १९४६ हे मानक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले.

भार पेलण्याच्या पद्धती

अँकर तीन प्रकारे काँक्रीट धरून ठेवतो. पहिला प्रकार घर्षणाचा : बोल्ट आवळताच त्याची बाही फुगते व छिद्राच्या भिंतीवर दाबली जाते. दुसरा अडकण्याचा : अँकरचे टोक किंवा आटे काँक्रीटमध्ये रुतून बसतात. तिसरा चिकटण्याचा : छिद्रात रासायनिक राळ भरून त्यात आट्यांची सळई बसवतात.

भार मर्यादेबाहेर गेल्यास बोल्ट तुटतो, अँकर छिद्रातून सरकून बाहेर येतो, काँक्रीटला चीर पडते किंवा अँकरभोवतीचा शंकूच्या आकाराचा तुकडा उखडतो. हा शंकू उखडण्याची शक्ती अँकरच्या खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे खोली दुप्पट केल्यास ती सुमारे २.८ पट होते. दोन अँकरमधील अंतर खोलीच्या तिपटीपेक्षा, किंवा काँक्रीटच्या कडेपासूनचे अंतर दीडपटीपेक्षा कमी असल्यास शंकू अपुरा राहतो व शक्ती घटते.

प्रकार

गिट्टी व स्क्रू : स्विचबोर्ड, तसबिरी, हलके कप्पे यांसाठी.
काँक्रीट स्क्रू : छिद्रात थेट पिळला जातो, नंतर काढताही येतो.
प्रसरण बोल्ट : रेलिंग, कंस, यंत्रांचे पाय अशा मध्यम व जड कामांसाठी. तो फुगताना काँक्रीटला बाजूला रेटतो, म्हणून कडेजवळ टाळावा लागतो.
ड्रॉप-इन अँकर : छतात सपाट बसतो, नळ व केबल ट्रे टांगण्यासाठी त्यात आट्यांची सळई पिळतात.
रासायनिक अँकर : प्रसरणाचा रेटा नसल्याने कडेजवळ व जड भारासाठी सोयीचा, मात्र छिद्राची स्वच्छता, तापमान व राळ घट्ट होण्याचा काळ यांवर तो पूर्णपणे अवलंबून असतो.

निवडीचे निकष

प्रथम आधार ओळखावा लागतो. काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत खांबांमधील भिंती बहुधा विटांच्या किंवा हलक्या ठोकळ्यांच्या असतात आणि गिलाव्यामुळे फरक दिसत नाही. गिलावा ओलांडल्यावर छिद्रातून लाल भुकटी आली तर वीट, पांढरी व मऊ आली तर हलका ठोकळा, राखाडी व कठीण आली तर काँक्रीट समजतात. गिलाव्याची जाडी अँकरच्या खोलीत धरत नाहीत.

त्यानंतर भाराची दिशा व स्वरूप पाहतात. भिंतीलगत खाली सरकवणारा कर्तन भार आणि बाहेर खेचणारा ताण यांत ताण अधिक धोक्याचा असतो. छतावरून सतत लोंबणारा भार त्याहूनही. कंपन, वारा व भूकंप यांचा वेगळा विचार करावा लागतो. काँक्रीटला भेग पडल्यास शक्ती साधारण तीस टक्क्यांनी घटते, म्हणून तुळई व स्लॅबच्या ताणाच्या बाजूला भेगाळलेल्या काँक्रीटसाठी तपासलेलेच अँकर वापरतात. कोरड्या घरात जस्ताचा पातळ मुलामा चालतो, उघड्यावर जाड गरम मुलामा लागतो, तर कोकणच्या खाऱ्या हवेत ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील योग्य ठरते.

नाशिकमधील एक उदाहरण

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्ग व नाशिक–पुणे रस्ता एकत्र येतात. अशा रहदारीच्या ठिकाणी दुकानाची पाटी इमारतीच्या खांबावर रस्त्याकडे काटकोनात बसवायची आहे, असे समजू. पाटी १ मीटर रुंद, २ मीटर उंच व वजनाने २० किलो आहे. आय.एस. ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार नाशिकसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर आहे. इतर गुणक १ धरल्यास दर चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे पूर्ण पाटीवर सुमारे १,८२५ न्यूटन जोर येतो. तो १८६ किलो वजनाइतका आहे. हा जोर भिंतीपासून अर्ध्या मीटरवर काम करतो. पाटीच्या दोन बाजूंच्या अँकरांत १५ सेंटिमीटर अंतर असल्यास एका बाजूच्या अँकरांवर मिळून सुमारे ६,१०० न्यूटन, म्हणजे ६२० किलो वजनाइतकी ओढ पडते. केवळ वीस किलो वजन पाहून गिट्टी निवडल्यास पाटी खालून जाणाऱ्यांवर पडू शकते. तेवढ्याच पाटीवर मुंबईत, वेग ४४ मीटर असल्याने, जोर सुमारे २७ टक्के अधिक येतो.

बसवण्याची पद्धत

छिद्र हॅमर ड्रिलने, उत्पादकाने सांगितलेल्या व्यासाचे व खोलीचे पाडतात. आय.एस. ४५६ नुसार खांबाच्या सळईवर साधारणतः किमान ४० मिलिमीटर आवरण असते. अँकर त्याहून खोल जात असल्याने सळईचा शोध आधी घेतात. सळई लागल्यास ती न कापता जागा बदलतात. छिद्र फुंकून, ब्रशने घासून पुन्हा फुंकतात. भुकटी राहिल्यास राळ काँक्रीटला न चिकटता भुकटीला चिकटते. शेवटी बोल्ट ठरलेल्या पिळाने आवळतात.

दुर्घटना

१० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे फलक मोटारीवर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. अँकरसाठी वापरलेली राळ सततच्या ओढीखाली हळूहळू ताणली जाऊन अँकर सरकल्याचे चौकशीत आढळले. २ डिसेंबर २०१२ रोजी जपानमधील सासागो बोगद्याचे छत कोसळून नऊ जण दगावले. तेथेही छत राळेने बसवलेल्या बोल्टांवर टांगलेले होते. या घटनांनंतर छतावरील सतत ओढीच्या कामांत रासायनिक अँकरच्या दीर्घकालीन चाचणीवर व नियमित तपासणीवर अधिक भर दिला जाऊ लागला.