पत्त्यांमागचं गणित (भाग ६) : न पाहता चाल वाढवणाऱ्या गड्यासमोर

पोळा जवळ आला की राळेगावकडे, आणि खरं तर सगळ्याच विदर्भात, तीन पत्तीचे डाव बसतात. प्रत्येक डावात एक गडी असा असतोच, जो पानं उचलतच नाही. ब्लाइंडवर ब्लाइंड, चाल दुप्पट. बाकीचे एक तर घाबरून चांगली पानं टाकून पॅक होतात, नाहीतर इरेला पेटून त्याच्यासारखेच उधळायला लागतात. दोन्हींत फायदा त्याचाच.

आधी त्याच्या पानांकडे गणिताने पाहू. ५२ पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यातले १६,४४० नुसते सुटे, म्हणजे जोडीही नसलेले. न पाहता खेळणाऱ्याच्या हातात चारपैकी जवळपास तीन वेळा काहीच नसतं. म्हणून त्याच्या एकट्यासमोर दुरीची जोडीसुद्धा भक्कम. जोडी नसली तरी नुसत्या एक्क्यावर पारडं तुमच्याच बाजूला झुकतं. राजा असेल आणि सोबतचं दुसरं पान दहा किंवा त्याहून मोठं असेल, तरी तेच.

पण पानं पाहिली की चाल दुप्पट भरावी लागते. तो १० टाकतो, तुम्हाला २० टाकावे लागतात. शिवाय बऱ्याच ठिकाणच्या रिवाजाप्रमाणे समोरचा ब्लाइंड असेपर्यंत पाहिलेल्याला शो (दोघांची पानं उघडणं) मागता येत नाही. पानं बघायची घाई इथेच महागात पडते. सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या आपणही ब्लाइंड राहावं, मधले गडी गळू द्यावेत, तो एकटा उरला की पानं उचलावीत. जोडी असेल तर शांतपणे साधी चाल देत राहावं. वाढवायचं काम तो करतोच आहे.

त्याला थाप मात्र मारू नये. ज्याने स्वतःची पानंच पाहिलेली नाहीत, तो तुमच्या मोठ्या चालीला भिऊन उठत नाही.

घाबरून पानं न टाकण्याचं तत्त्व पोकरमध्ये अधिक नेमकं मांडता येतं. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरमधल्या थापेचं गणित आहे. टेबलावर १०० आहेत आणि समोरच्याने आणखी १०० लावले, तर तुम्ही १०० देऊन २०० जिंकू पाहता. त्याच्या तीन चालींत एक थाप असेल तर बरोबरी. थापा त्याहून जास्त असतील तर मध्यम पानांवरही उठू नये. अंगावर येणाऱ्या खेळाडूच्या थापा जवळजवळ नेहमीच जास्त असतात.

तरीही दुरीची जोडी अशा गड्यासमोर साधारण चारात एकदा हरते. सलग दोनदा हरण्याची शक्यता सोळात एक, आणि ती वेळ येतेच. खरी परीक्षा तेव्हा असते. त्या क्षणी रागाने पुढचा डाव ब्लाइंड ओढत नेला, की इथवरचं सगळं गणित वाया.

पैसे लावून असा डाव मांडणं महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानलं, ते तीन पत्तीपासून वेगळं काढूनच. म्हणून यंदा पोळ्याला सरकीचे दाणे लावून खेळा आणि त्या गड्याचा प्रत्येक शो वहीत टिपा. किती वेळा जोडी निघाली, किती वेळा सुटी पानं, ते आम्हाला जरूर कळवा.