स्टेजमागचं लग्न

आमच्या घरी आई-वडिलांच्या लग्नाचा अल्बम आहे. मे 1974. काळ्या जाड कागदाची पानं, फोटो अडकवायला चार कोपरे, दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतला फोटोग्राफर एसटीनं आला होता. त्याच्याकडं यशिका कॅमेरा होता आणि 120चे दोन रोल. एका रोलमध्ये 12 फोटो बसत. 24 पैकी एक वाया गेला, 23 उरले.

या 23 फोटोंत माझी आजी नाही. नवऱ्या मुलाची सख्खी आई, पण नाही. लग्नाच्या तीन वर्षं आधी आजोबा गेले होते. त्यामुळं देवक बसवायला धाकटे काका-काकू बसले, हळद काकूनं लावली, ग्रुप फोटोत आईच्या जागी काकूच उभी राहिली. आजी ते दोन्ही दिवस मांडवाच्या मागं चुलीपाशी होती. सतरावा फोटो पंगतीचा आहे. त्याच्या डाव्या कडेला कोपरापर्यंतचा एक हात आलाय. हातात बुंदीची परात आहे, मनगटात बांगडी नाही. तो हात आजीचा आहे हे आत्यानं ओळखलं, तेही मी चाळिशीला आल्यावर. तोवर आम्हा सगळ्यांना तो फोटो ‘चुकलेला’ वाटायचा.

लग्नाचे फोटो डॉक्युमेंटरी पद्धतीनं काढायचे म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला तो हात आठवतो. जे घडतंय त्यात ढवळाढवळ करायची नाही, कुणाला ‘इकडं बघा’ म्हणायचं नाही आणि स्टेजवर जेवढं लक्ष तेवढंच चुलीवर ठेवायचं, अशी ही पद्धत आहे. आपल्याकडं ती ‘कँडिड’ या नावानं आली आणि त्या नावानंच बिघडली. ते पुढं येईलच.

त्या फोटोग्राफरला मी दोष देत नाही. 24 फोटोंत दोन दिवसांचं लग्न बसवायचं होतं. फिल्म बाहेरून यायची किंवा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’. तिची संवेदनशीलता आजच्या कॅमेऱ्यापुढं काहीच नाही. माणूस हलला की फोटो हलला. म्हणून माणसाला उभं करायचं, श्वास धरायला लावायचा आणि फ्लॅश मारायचा. एक फोटो फुकट गेला तर त्याच्या खिशाला चटका बसे. ताठ उभं राहण्याची जी सवय आपल्या तीन पिढ्यांना लागली, तिच्यामागं फिल्मचा हा हिशेब होता. पण माणसं निवडताना हिशेबाच्या जोडीला रूढीही होती. मोजकेच फोटो काढायचे, तर ज्यांना मान त्यांचेच निघणार.

खरं म्हणजे कोल्हापूरला नोंद घेणारा कॅमेरा नवा नाही. बाबूराव पेंटरांनी 1 डिसेंबर 1917 रोजी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. विलायती कॅमेरा परवडत नव्हता, म्हणून 1918 साली विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं स्वतःच कॅमेरा तयार केला. कंपनीला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. पौराणिक चित्रपटांची चलती असताना याच बाबूरावांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ केला आणि त्यात शेतकऱ्याचं दारिद्र्य जसं आहे तसं पडद्यावर आणलं. आपल्याकडच्या वास्तववादी चित्रपटाची सुरुवात अनेक अभ्यासक तिथून धरतात. खरी कॉर्नरजवळ त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. वराती त्याच्यासमोरून जातात.

1917 हे साल आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला आणि 1919 साली आंतरजातीय विवाहाला. या गावानं लग्नाचा कायदाही बदलला आणि कॅमेराही घडवला. आमच्या अल्बमपर्यंत मात्र दोन्ही गोष्टी पोचल्या नाहीत.

कागलच्या संयोगिताबाईंची गोष्ट इथं सांगायला हवी. घाटगे घराण्यातली ही मुलगी 1924 साली इंदूरच्या यशवंतराव होळकरांना दिली. मराठा-धनगर असा हा संबंध शाहू महाराजांच्या पुढाकारानं ठरलेला होता, तो प्रत्यक्षात येण्याआधीच 1922 साली महाराज गेले. त्या काळच्या राजघराण्यांचे फोटो आपण पाहिलेले असतात: खुर्ची, तलवार, जरीचा अंगरखा, रागावल्यासारखी नजर. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात भिंतीच्या भिंती अशा फोटोंनी भरल्या आहेत. पण 1930च्या आसपास हे जोडपं फ्रान्सला असताना मान रे या अमेरिकन छायाचित्रकारानं त्यांचे फोटो काढले. त्यांत नवरा-बायको डोक्याला डोकं लावून हसतायत, एकमेकांवर रेललेत. कपाळाला कुंकू, अंगावर साधा वेश आणि चेहऱ्यावर एका तरुण मुलीचं खरं हसू. संयोगिताबाई 1937 साली ऐन तारुण्यात वारल्या. दरबारी पोशाखातली त्यांची चित्रंही आहेत, पण बाई कशी होती हे कळतं ते त्या हसण्यातून. कागलची एक लेक आपल्या नवऱ्यासोबत इतकी मोकळी बसलेली त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या फोटोत मी पाहिलेली नाही.

त्याच काळात कॅमेराही बदलत होता. 1925 साली लायका कॅमेरा बाजारात आला. 35 मिलिमीटरची फिल्म, एका रोलला 36 फोटो आणि हातात मावणारं यंत्र. छायाचित्रकार गर्दीत शिरू लागला तो इथून. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँनं या चालत्याफिरत्या नजरेला तिचं व्याकरण दिलं. लग्नाच्या मांडवात ही नजर यायला मात्र 1980चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेत डेनिस रेजी यांच्यासारख्यांनी वृत्तछायाचित्रकाराच्या पद्धतीनं लग्नं टिपायला सुरुवात केली आणि डिजिटल कॅमेऱ्यानं फोटोच्या संख्येचं बंधन तोडल्यावर ती जगभर गेली. आपल्याकडं छायाचित्रकार महेश शांताराम यांनी ‘मॅट्रिमेनिया’ या मालिकेत भारतीय लग्नातला भपका, थकवा आणि एकटेपणही दाखवलं. मराठीत लग्नावर असं काम मी पाहिलेलं नाही. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांबरोबर आणि वारीबरोबर फिरून जे केलं, सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जे केलं, तेवढ्या तयारीनं आपल्या मांडवात कुणी उभं राहायला हवं.

आता आजच्या कोल्हापूरकडं येऊ. पॅकेजमध्ये एक ‘ट्रॅडिशनल’वाला, एक ‘कँडिड’वाला, व्हिडिओचे दोघे आणि ड्रोन. प्री-वेडिंग वेगळं. ते रंकाळ्यावर नाहीतर पन्हाळ्यावर. अक्षतेच्या वेळी हे पाच जण आणि त्यांचे लाईट धरणारे स्टेजवर चढले की मांडवातल्या पाचशे माणसांना त्यांच्या पाठी दिसतात. नवरीची आई पाचव्या रांगेत टाचा उंचावून बघत असते. ‘कँडिड’वाला नवरीला सांगतो, “ताई, खाली बघून हसा, मी नाहीच असं समजा.” मग ती तीनदा खाली बघून हसते. हा फोटो 1974च्या फोटोइतकाच उभा केलेला आहे. त्या वेळी दृष्टी समोर ठेवायला सांगत, आता खाली ठेवायला सांगतात. याला मी कँडिड म्हणायला तयार नाही.

खऱ्या पद्धतीनं काम करायचं तर कष्ट वेगळे आहेत. कार्यालयातले बरेच एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर 1/1000 वर नेलं की फोटोत काळे पट्टे उमटतात. ते टाळायला 1/100 वर यावं लागतं आणि मग हलणाऱ्या माणसाचा अंदाज आधीच बांधावा लागतो. स्टेजवरच्या जांभळ्या दिव्यात हळदीचा पिवळा रंग चिखलासारखा दिसतो, म्हणून खिडकी कुठं आहे ते आदल्या दिवशी जाऊन बघावं लागतं. फ्लॅश मारायचा नसतो, कारण एकदा फ्लॅश पडला की माणसं सावध होतात. लांबची लेन्स घेऊन कोपऱ्यात लपणंही उपयोगाचं नाही. 35 मिलिमीटरची लेन्स घेऊन हातभर अंतरावर, पण वाटेत न येता बसायचं. तासाभरानं माणसं आपल्याला विसरतात. तोपर्यंतचे फोटो टाकूनच द्यायचे असतात.

गेल्या वर्षी एका चुलतभावाच्या मुलीची हळद मी अशी बसून टिपली. सकाळी सातची वेळ, परड्यात. पाच सवाष्णींनी उखळ-मुसळाला हळद लावली, जात्याला सुपारी बांधली, ओवीसारखं काहीतरी म्हणता म्हणता एकीला पुढची ओळच आठवेना आणि सगळ्या हसत सुटल्या. बाहेर हलगी आणि घुमकं वाजायला लागलं. नवरीच्या गळ्यातला साज मी जवळून टिपला. गुजरीतल्या सराफानं 21 पानांचा म्हणून दिलेला, मासा-कासवापासून सुरू होणारा दशावतार आणि शेवटी ताईत. त्याचा दोरा मानेवर रुतत होता, म्हणून करवलीनं खाली रुमालाची घडी सारली होती. ती घडी स्टेजवरच्या एकाही फोटोत आलेली नाही.

त्याच परड्याच्या दारात नवरीची मोठी मावशी उभी होती. वाटीत हळद तिनंच कालवली होती, तेलाचं प्रमाण तिलाच ठाऊक. विधवा म्हणून उंबरा मात्र तिनं ओलांडला नाही. मी कॅमेरा वर केला तसा तिनं हात आडवा धरला. “माझा कशाला काढतोस रं? नवरीचा काढ की.” मी कॅमेरा खाली ठेवला. ती नको म्हणाली म्हणजे नको. या पद्धतीचा हा पहिला नियम आहे आणि तो लेन्सच्या माहितीच्या आधी शिकायला हवा. पाच मिनिटांनी नवरीच पाटावरून उठली, पिवळ्या हातांनी मावशीला ओढत आणलं आणि म्हणाली, “तू लाव, मगच मी न्हाणार.” मावशीनं सगळ्या बायकांकडं एकदा पाहिलं. कुणी काही बोललं नाही. मग तिनं पोरीच्या गालाला हळद लावली. त्या वेळी तिनं मला अडवलं नाही. संध्याकाळी फोटो दाखवून मी तिला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “असू दे.”

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. तो कोल्हापूर जिल्ह्यातला ठराव राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर गावांपुढं आदर्श म्हणून ठेवला. ठराव कागदावर राहिला की घरात उतरला, हे पाहायला लग्नासारखी जागा नाही. हळद कुणी लावली, ओटी कुणी भरली, देवकाला कोण बसलं, ग्रुप फोटोत कोण आलं. पन्नास वर्षांनी कुणी या जिल्ह्याचा सामाजिक इतिहास लिहायला बसेल तेव्हा त्याला स्टेजवरच्या हजार फोटोंतून यातलं काही मिळणार नाही. परड्यातल्या दहा फोटोंतून मिळेल.

म्हणून मला या पद्धतीची कळकळ आहे. बहुतेक घरांत माणसं, भांडी, दागिने, ओसरी, शेजारी या सगळ्यांची एकत्र नोंद होते ती फक्त लग्नात. 2021च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यात 25 माणसांत आणि दोन तासांत लग्न उरकण्याचा नियम आला. तेव्हाचे फोटो काढून पाहा. स्टेज नाही, लाईट नाहीत, मास्क हनुवटीवर ओढलेला बाप लेकीकडं टक लावून बघतोय. माझ्या पाहण्यातले कितीतरी चांगले फोटो त्या काळातले आहेत, घरातल्याच कुणीतरी मोबाइलवर काढलेले.

एक गोष्ट कायद्याचीही. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणारा असतो. म्हणजे तुमच्या लेकीच्या पाठवणीतलं रडणं इन्स्टाग्रामवर टाकायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. करार करतानाच ते लिहून घ्या.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. तुमच्या घरी मांडव पडणार असेल तर फोटोग्राफरला एक माणूस कमी आणायला सांगा, पण एक दिवस आधी बोलवा. स्टेजवर कधीच न येणाऱ्या माणसांची यादी त्याच्या हातात द्या: हळद कालवणारी मावशी, पंगतीला वाढणारी पोरं, फेटे बांधणारा, हलगीवाले, चुलीपाशी बसलेल्या बाया. त्यांना विचारून, त्यांच्या मर्जीनं त्यांचे फोटो काढून घ्या. अक्षतेला स्टेजवर एकच कॅमेरा ठेवा, म्हणजे आईला लेकीचं लग्न दिसेल. आणि पेन ड्राइव्हवर विसंबू नका, निदान पन्नास फोटो कागदावर छापून घ्या. प्रत्येकाच्या मागं नावं, नातं, गाव आणि तारीख मऊ पेन्सिलीनं लिहा. पेनानं लिहू नका, शाई काही वर्षांत पुढच्या बाजूला उतरू शकते.