कंबरेचा आतला पट्टा

रिठदच्या शिवारात दिवसभर सोयाबीन निंदल्यावर कंबर का धरते? 5 किलोचे ओझे मणक्यापासून 40 सेंटिमीटर पुढे धरले, की पाठीच्या स्नायूंना जेमतेम 5 सेंटिमीटरच्या भुजेवर 40 किलोइतका जोर लावावा लागतो. वाकल्यावर तर धडाचेच ओझे पुढे येते.

अशा वेळी कणा स्थिर ठेवायला पोटाचा आडवा स्नायू मदत करतो. कंबरेच्या पुढच्या हाडाच्या किंचित आत बोटे ठेवून हलकेच खोका. तो आवळलेला जाणवेल. निरोगी माणसात हात हलण्याआधीच तो आकसतो, जुनाट कंबरदुखीत उशिरा, असे हॉजेस व रिचर्डसन यांना 1996 मध्ये आढळले.

जोसेफ पिलाटिस (1883–1967) यांचे व्यायाम धडाच्या अशा स्नायूंना बळ देतात. त्यांनी कंबरदुखी कमी होऊ शकते. पण इतर व्यायामांहून ते सरस ठरलेले नाहीत. नियमितपणा महत्त्वाचा. पाय बधिर होत असेल, तर मात्र आधी डॉक्टर!