लेकरांसोबत लांबचा रेल्वेप्रवास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की जालना स्टेशनचा फलाट बॅगा, पाण्याच्या बाटल्या आणि लेकरांनी भरून जातो. कुणी मुंबईला मामाकडे निघालेलं असतं, कुणी नांदेडहून येणारी सचखंड एक्सप्रेस पकडून थेट अमृतसरला. सचखंडचा सगळा मार्ग दोन हजार किलोमीटरहून लांब आहे. जालन्यातून बसलेल्या कुटुंबाचा जवळजवळ दीड दिवस गाडीतच जातो. एवढा वेळ लहानग्यांना सांभाळायचं म्हटल्यावर घरोघरी सल्ल्यांची शिदोरीही बांधली जाते. त्यातले काही सल्ले आता जुने झाले आहेत, तर काही सरळ धोक्याचे आहेत.

गैरसमज : अर्धं तिकीट काढलं की लेकराला बर्थ मिळतो.

वस्तुस्थिती : पूर्वी मिळायचा. 21 एप्रिल 2016पासून नियम बदलला. पाच वर्षं पूर्ण झालेल्या, पण बारा वर्षांच्या आतल्या मुलाला आरक्षित डब्यात स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर मोठ्यांइतकंच पूर्ण भाडं लागतं. अर्धं भाडं भरलं, तर मूल आईवडिलांच्याच बर्थवर झोपणार. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. हवा असल्यास पूर्ण तिकीट काढण्याची सोय आहे.

आईवडील, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असं कुटुंब सचखंडने निघालं आणि मुलीचं अर्धंच तिकीट काढलं, तर रात्री चार जणांना दोन बर्थ उरतात. पैसे वाचतात, झोप जाते. हा हिशेब आरक्षण करतानाच करायला हवा.

गैरसमज : मुंबईच्या जनशताब्दीत आणि वंदे भारतमध्येही अर्ध्या तिकिटावर भागतं.

वस्तुस्थिती : भागत नाही. जालना–मुंबई वंदे भारत 30 डिसेंबर 2023 रोजी सुरू झाली आणि ऑगस्ट 2025पासून ती नांदेडहून धावू लागली. या गाडीत चेअर कार आहे, तर जनशताब्दीत चेअर कार आणि सेकंड सिटिंग. या बसण्याच्या वर्गांमध्ये ‘आसन नको, अर्धं भाडं घ्या’ हा पर्यायच नाही. पाच वर्षं पूर्ण झाली की पूर्ण भाडं, आणि त्या भाड्यात हक्काची खुर्ची.

गैरसमज : पोट रिकामं ठेवलं की प्रवासात उलटी होत नाही.

वस्तुस्थिती : गाडी लागते ती कानामुळे आणि डोळ्यांमुळे. आतल्या कानाला हालचाल जाणवते, पण मोबाइलवर खिळलेल्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. मेंदूकडे दोन उलट निरोप जातात आणि मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. उपाशी ठेवल्याने तो थांबत नाही. हलकं, कमी तेलकट खाणं थोडं थोडं द्यावं, मोबाइल बाजूला ठेवावा आणि खिडकीतून लांबची झाडं, डोंगर दाखवावेत. दशमी आणि जालन्याची मोसंबी यांसाठी डब्यात जागा ठेवावीच.

गैरसमज : सर्दीचं औषध पाजलं की लेकरू रात्रभर शांत झोपतं.

वस्तुस्थिती : हा सल्ला सर्वांत घातक आहे. या औषधांनी लहान मुलांचा श्वास मंदावू शकतो. काही मुलं झोपण्याऐवजी उलट जास्त चिडचिडी होतात. सर्दीच्या औषधांत सर्रास आढळणारं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023मध्ये दिला. मूल झोपावं म्हणून औषध देऊच नये.

गैरसमज : उन्हाळ्यात तान्ह्या बाळालाही पाणी पाजावं लागतं.

वस्तुस्थिती : मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून ही काळजी वाटणं साहजिक आहे. पण आईच्या दुधात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचं पाणी लागत नाही. दूध मात्र जास्त वेळा पाजावं. मोठ्या मुलाला जुलाब झाले, तर ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावी. ग्लासभर पाण्यात अंदाजाने चिमूटभर टाकलं, की क्षार आणि साखरेचं प्रमाण बिघडतं.

गैरसमज : काहीही झालं तरी साखळी ओढायची नाही, दंड होतो.

वस्तुस्थिती : रेल्वे कायदा 1989च्या कलम 141नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सबळ कारण नसताना साखळी ओढली तर. लेकरू फलाटावर राहिलं आणि गाडी सुटली, याहून सबळ कारण कोणतं?

मुलं हरवणं ही दुर्मीळ गोष्टही नाही. 2018 ते मे 2024 या काळात रेल्वे सुरक्षा दलाने स्टेशनांवरून आणि गाड्यांमधून 84,119 मुलांची सुटका केली. हरवलेली, घरातून निघून आलेली, कुणी पळवून आणलेली, अशी सगळी मुलं त्यांत होती.

म्हणून निघण्याआधी एक काम जरूर करा. आईवडिलांचा मोबाइल नंबर, गाडीचं नाव आणि डबा-बर्थचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती प्रत्येक मुलाच्या खिशात ठेवा. आणि रेल्वेचा मदत क्रमांक 139 व चाइल्ड हेल्पलाइनचा 1098, हे दोन्ही मोठ्या मुलांकडून पाठ करून घ्या.