वादळाचा वेग : नॉट आणि किलोमीटर

कावेरीकाठचे कुंभकोणम एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते. गणिताची आवड असणाऱ्यास ते श्रीनिवास रामानुजन यांच्या बालपणाचे गाव म्हणून ठाऊक असते. तेथल्या शेतकऱ्याची आकड्यांशी गाठ पडते ती मात्र वाऱ्यामुळे. समुद्र येथून सुमारे 50 किलोमीटरांवर. 16 नोव्हेंबर 2018 रोजी उत्तररात्री ‘गज’ हे चक्रीवादळ नागपट्टणम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा कावेरीच्या मुखाकडील प्रदेशात नारळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या.

हवामानखाते वादळांची प्रतवारी नॉटमध्ये करते. 48 ते 63 नॉट वेगाचे वादळ ‘तीव्र’ समजले जाते. जनतेसाठी काढलेल्या इशाऱ्यात किलोमीटर देतात हे खरे; पण तज्ज्ञांच्या तक्त्यातला 48 हा आकडा कोणी तसाच उचलला, तर ऐकणाऱ्यास मोटारीचा बेताचा वेग आठवतो व तो निर्धास्त राहतो.

नॉट म्हणजे गाठ. पूर्वी खलाशी ठराविक अंतरावर गाठी मारलेली दोरी फळीला बांधून चालत्या जहाजामागे सोडीत, आणि 28 सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजीत. जितक्या गाठी, तितके सागरी मैल ताशी. हा सागरी मैल 1929 साली मोनॅको येथील परिषदेत 1852 मीटरांचा ठरला. रस्त्यावरचा मैल सुमारे 1609 मीटरांचा. या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

1.852 किलोमीटर आणि 1 सागरी मैल ही एकच लांबी. म्हणून पहिलीस दुसरीने भागले तर येणाऱ्या अपूर्णांकाचे मोल 1 होते, आणि 1 ने गुणल्याने वेग बदलत नाही. बदलते ते केवळ माप. किलोमीटर अंशस्थानी व सागरी मैल छेदस्थानी ठेवावा. मग नॉटमधला सागरी मैल छेदातल्या मैलाबरोबर उडतो, किलोमीटर उरतो : 48 गुणिले 1.852, म्हणजे ताशी सुमारे 89 किलोमीटर. अपूर्णांक उलटा धरला, तर उत्तरात मैलांचा वर्ग शिल्लक राहतो आणि चूक तेथेच उघडी पडते. सेकंदाला किती मीटर हे हवे असल्यास 1000 मीटर वर, 3600 सेकंद खाली, संक्षेपाने 5/18. उत्तर सुमारे 24.7.

48 च्या जागी 89, म्हणजे दुपटीहूनही कमी. परंतु वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि 1.852 चा वर्ग 3.43 आहे. नॉटलाच किलोमीटर समजून ज्याने केळीला टेकू दिले आणि छप्पर दोरांनी आवळले, त्याने धरलेल्या अंदाजाच्या जवळजवळ साडेतीनपट दाब त्या छपरावर येतो.