दगडातला समुद्र

तुमच्या घरी किंवा शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात शाळिग्राम असेल. काळा, गुळगुळीत दगड. काही शाळिग्रामांवर चक्र दिसते. जिलबीसारखे वेटोळे आणि त्यावर बारीक रेघा. हे चक्र कोणी कोरले? कोणीच नाही. तो एका प्राण्याच्या कवचाचा ठसा आहे. आणि तो प्राणी समुद्रात राहत होता.

शास्त्रज्ञ त्याला अमोनाइट म्हणतात. त्याचे अंग मऊ असे. त्यावर वेटोळ्याचे कवच असे. कवचात लहान लहान खोल्या असत. सर्वांत बाहेरच्या खोलीत प्राणी राही. आतल्या खोल्यांत हवा असे, म्हणून तो पाण्यात तरंगे. आज जगात एकही अमोनाइट जिवंत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते सगळे नाहीसे झाले.

ठसा कसा उमटला?

ओल्या चिखलात बैलाचे खूर उमटते. चिखल वाळला तरी खूण राहते. पोळ्याला साच्यात माती दाबली की मातीचा बैल तयार होतो. तसेच काहीसे समुद्राच्या तळाशी घडले.

प्राणी मेला आणि तळाशी बसला. मऊ अंग कुजून गेले. कठीण कवच राहिले. त्यावर गाळ साचला. गाळावर आणखी गाळ साचला. वरच्या भाराने खालचा गाळ दबला, घट्ट झाला आणि त्याचा दगड बनला. कवचही दगडासारखे झाले, किंवा विरून जाऊन मागे नुसता ठसा राहिला. अशा दगड झालेल्या जीवाला जीवाश्म म्हणतात. 'अश्म' म्हणजे दगड.

समुद्र डोंगरावर कसा गेला?

शाळिग्राम नेपाळातून येतो. तो काली गंडकी नदीत सापडतो. नदीच्या वरच्या अंगाला मुक्तिनाथाचे देऊळ आहे. ते समुद्रापासून सुमारे ३,७०० मीटर उंच आहे. आपले नांदेड सुमारे ३६० मीटर उंच आहे. म्हणजे मुक्तिनाथ नांदेडच्या दहापट उंच! तिथे समुद्रातला प्राणी कसा?

प्राणी वर चढला नाही. जमीनच वर उचलली गेली. फार पूर्वी आपला भारत आशियाला जोडलेला नव्हता. मधे समुद्र होता. भारताची जमीन हळूहळू उत्तरेला सरकत गेली. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला भिडली. मधल्या समुद्राचा तळ दबला, दुमडला आणि वर आला. त्यातूनच हिमालय उभा राहिला. एव्हरेस्ट शिखर ८,८४९ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरच्या दगडातही समुद्री जीवांचे अवशेष मिळाले आहेत.

आपल्या रानात सापडेल का?

समजा, नांदेडजवळच्या गावातले एक कुटुंब सुटीच्या दिवशी असे जीवाश्म शोधायला निघाले. गोदावरीच्या काठी मुलीला एक शंख सापडला.

"आबा, हा बघा समुद्रातला शंख!"

आबांनी तो हातात घेतला. "पोरी, हा हलका आहे. बोटाने दाबला तर मोडतो बघ. हा नदीतल्या गोगलगायीचा. पुरात वाहून आला असंल."

वडिलांना एक दगड मिळाला. त्यावर झाडाच्या डहाळीसारखी काळी नक्षी होती. ते म्हणाले, "हे तर झाडाचं पान हाय!" पण तेही पान नव्हते. पाण्यात विरघळलेली खनिजे दगडाच्या भेगेत झिरपतात आणि अशी नक्षी उमटते. आईला चकाकणारी गारगोटी मिळाली. ती सुंदर होती, पण तिच्यात जीव कधीच नव्हता.

समुद्राचे काही का मिळाले नाही? कारण आपला काळा पाषाण गाळाचा नाही. तो आगीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांब भेगा पडल्या. त्यांतून वितळलेला दगड बाहेर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. म्हणून बालाघाटच्या डोंगराला पायऱ्या पायऱ्या दिसतात. हा पाषाण आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमिनीवर पसरला आहे. देगलूर-बिलोलीकडे दुसरा दगड लागतो. तो ग्रॅनाइट. पण तोही जमिनीच्या पोटात खोल, उष्णतेत घडलेला. त्यातही शंख-शिंपले मिळायचे नाहीत.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. लाव्हाचे दोन थर पडण्याच्या मधे कधी कधी मोठा काळ जाई. तेवढ्यात तळी साचत. त्यांत गोगलगायी वाढत. पुढे नवा लाव्हा येई आणि सगळे झाकून टाकी. नागपूरजवळ टाकळी येथे अशा गोगलगायींची दगड झालेली कवचे मिळाली. हिस्लॉप आणि हंटर या दोन मिशनऱ्यांनी ती गोळा केली व १८५५ साली त्यांची माहिती छापली. पण त्या गोगलगायी गोड्या पाण्यातल्या होत्या.

हे कसे कळले? जसा प्राणी, तसे पाणी. काही जीव गोड्या पाण्यातच जगतात, काही खाऱ्यातच. म्हणून प्राणी ओळखला की तिथे तळे होते की समुद्र, ते कळते.

समुद्राची खूण कुठे आहे?

नर्मदेची परिक्रमा करणारी माणसे तुमच्या गावात असतील. त्याच नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाग नावाचे गाव आहे. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा तिथवर आत शिरला होता. तिथल्या चुनखडकात अमोनाइट, शिंपले आणि समुद्री प्राण्यांची गोल, काटेरी कवचे मिळतात. हा चुनखडक लाव्हाच्या थरांखाली आहे. म्हणजे आधी समुद्र आला, तो गेला, आणि मग आग आली. दगडांचे थर हा क्रम सांगतात.

जागा का महत्त्वाची?

पोथीतले एक पान फाटून वाऱ्यावर उडाले. ते तुम्हांला मिळाले. अक्षरे वाचता येतील, पण आधी काय आणि पुढे काय ते कळेल का? जीवाश्माचेही तसेच आहे. तो कोणत्या थरात, किती खोल, कशाशेजारी होता, हे कळले तरच तो बोलतो. उपटून घरी आणला किंवा बाजारात विकला, तर तो मुका होतो. एकदा थर मोडला की पुन्हा जुळत नाही.

ही गोष्ट आपल्या दारातलीच आहे. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठच्या गाळात जुन्या हत्तींची, रानबैलांची आणि पाणघोड्यांची हाडे मिळाली आहेत. आज तिथे पाणघोडा नाही. हाडे मिळाली म्हणून तो होता हे कळले. वाळू उपसताना किंवा विहीर खणताना असे हाड फुटले, तर एक पान कायमचे गेले.

म्हणून सहकुटुंब शोधायला जाल तर एवढे करा. सोबत वही आणि पेन्सिल घ्या. उपशाने पोकळ झालेल्या काठाखाली किंवा उघड्या विहिरीजवळ मुलांना जाऊ देऊ नका. काही दिसले तर ते उकरू नका. गावाचे नाव, शेताचा गट नंबर, खोली आणि तारीख लिहा. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. मग शाळेच्या गुरुजींना आणि तलाठ्याला सांगा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जुन्या हाडांचे जाणकार आहेत. तिथे कळवा.

तुम्ही आता अक्षरे लिहायला शिकला आहात. ती चार ओळींची नोंद तुम्हीच लिहा. दगड बोलतो तो तेवढ्याच नोंदीच्या आधाराने.